कढीपत्त्याला न मिळालेलं पाणी

मी बाप्तिस्म्याचा दगड बोलतोय. नाशिकच्या एका जुन्या चर्चमध्ये, वेदीच्या डाव्या अंगाला उभा असतो. पाथरवटानं एकाच काळ्या दगडातून दोन वस्तू घडवल्या, एक मी आणि एक पाटा. पाटा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेला, मी देवाच्या घरी आलो. तेव्हा केवढा तोरा चढला होता मला! आता त्या पाट्याचा हेवा वाटतो.

माझं काम सोपं. पोटातल्या खळग्यात पाणी धरायचं. पाळक ते माणसाच्या डोक्यावर ओततात, पापक्षमेचे शब्द बोलतात आणि मंडळी ‘आमेन’ म्हणते. क्षमा देव करतो, पाणी नुसती खूण. उरलेलं पाणी मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याला घालायची इथली जुनी रीत. त्याचा पाला मंडळीतल्या घरोघरी फोडणीला जातो.

धनराजचा बाप्तिस्मा माझ्याजवळच झाला. तान्हा होता, रडून चर्च डोक्यावर घेतलं होतं त्यानं. पुढे दारूपायी संसाराची माती केली, मग सुधारला. सगळ्यांनी त्याला पदरात घेतलं. आता मंडळीच्या कारभारात त्याचाच शब्द चालतो.

मागच्या ईस्टरला लंकाबाई आली. मूळची सुरगाण्याकडची. चर्चमागच्या वस्तीत हातभट्टीची दारू विकायची, तो धंदा तिनं सोडला होता. पाळक म्हणाले, “लंकाबाई, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.” ती ओक्साबोक्शी रडली. सर्वांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाला तो धनराज.

उपासना संपल्यावर झाडलोट करणारी मंगलाबाई माझं पाणी बादलीत काढून मागे निघाली. धनराजनं तिला अडवलं.

“कढीपत्त्याला नको घालू. गटारीत ओत. तिची पापं उतरलीत त्यात, अन् पाला आपण खातो.”

सगळे तिथंच उभे होते. गटारीकडे जायला त्यांनी मंगलाबाईला वाट करून दिली. मला दगडाला लाज वाटली.

दारात पदरानं केस पुसत लंकाबाई उभी होती. ती म्हणाली, “वता मंगलाताई, गटारीतच वता. ह्या धनराजदादाला तिथूनच उचलून घरी पोचवायची मी.”

त्यानंतर ती इकडे फिरकली नाही. तिच्याविषयी कुणी विचारतही नाही. माझ्या खळग्यात आता प्लॅस्टिकची फुलं ठेवतात, आणि धनराज प्रार्थनेला उभा राहिला की माझ्याच काठावर हात टेकतो. मला तो हात ढकलता येत नाही.

लंकाबाई, कुठं असशील तिथं ऐक. तुझी क्षमा त्या बादलीत नव्हती गं. गटारीत गेलं ते यांचं ‘आमेन’.