शेषबाबाचा मंतरलेला गोटा

शाळेपुढच्या पटांगणात अख्खं गाव लोटलं होतं. कच्छातलं अंजार भूकंपात पडल्याची बातमी वर्ध्याच्या बाजारातून आली आणि तिच्या मागोमाग शेषबाबा आले. त्यांनी फळीवर मातीची दोन इवली घरं मांडली. एकाच्या छपरावर नारळाएवढा काळा गोटा ठेवला, त्यावर भस्म फुंकलं आणि फळी गदागदा हलवली. बिनगोट्याचं घर ढासळलं. गोट्याचं जसंच्या तसं उभं.

"शेष कूस बदलते तवा हलकं घर उडते," बाबा म्हणाले. "मंतरलेल्या वजनानं दबून राह्यते."

माना डोलल्या. डोलणारच. वावधनात टिन उडू नये म्हणून घरोघरी छपरावर गोटे ठेवलेले. वाऱ्याला चालतं ते भूकंपाला का चालू नये? गोमाजी पाटलांनी जागच्या जागी ठरवलं: शाळेच्या टिनावर मंतरलेले चाळीस गोटे, उद्याच.

ते चढवणार होती जयवंता. बारा वर्षं ती बांधकामावर रेजा म्हणून ओझी वाहत होती, आणि तिची लेक सखू त्याच टिनाखाली दुसरीत बसायची. भरलं घमेलं डोक्यावर असताना कुणाचा नुसता खांदा लागला तरी मानेला कसा हिसका बसतो, हे तिला ठाऊक होतं. रिकाम्या घमेल्याला तोच धक्का कळतही नाही. शिवाय तिने मघाशीच टिपलं होतं: एवढा गोटा उचलताना बाबांचं मनगट जरासुद्धा ताणलं नव्हतं.

ती पुढे झाली. बायांनी मागे बसावं, असं पाटलांनी बजावलं. ती बसली नाही.

"पाटील, गोटे मी वाह्यते, बाबा नाई. मले पाहू द्या उचलून."

बाबांनी विटाळाची, शेषाच्या कोपाची, डोळे जाण्याची भीती घातली. तोवर गोटा तिच्या दोन बोटांवर होता. तिने तो ओट्यावर आपटला. काळ्या रंगाखालचा वाळका भोपळा फुटला आणि बिया बाबांच्या पायाशी उधळल्या.

मग तिने तेवढाच खरा दगड त्या उभ्या राहिलेल्या घरावर ठेवला आणि स्वतः फळी हलवली. छप्पर आडवं सरकलं, भिंती लोळल्या. मातीतून फळीला ठोकलेल्या बांबूच्या काड्या उघड्या पडल्या. आधी पडलेल्या घराच्या मातीत एकही काडी नव्हती.

माहीत असूनही मागे राहिलेले, शाळेचं बांधकाम पाहणारे ओव्हरसियर आनंदराव ओशाळून पुढे आले. जमीन आडवी हलली की घराला आडवा जोर बसतो, घर जड तेवढा तो जास्त, हे त्यांनी सांगितलं. बलुचिस्तानातलं क्वेट्टा शहर १९३५च्या भूकंपात पडल्यावर इंजिनिअरांनी वजनाचा आठवा हिस्सा आडवा जोर धरून घरं बांधली होती.

"आपल्या इथं किती धरा लागते?" पाटलांनी विचारलं.

"मले माहीत नाई. मोजून ठरवा लागते, मंतरून नाई. टिन बोल्टानं कसू, वाऱ्याचीही चिंता जाईन."

बाबांनी तोवर गाशा गुंडाळला होता.

"मी शाळेवर एकही गोटा चढवणार नाई," जयवंता पाटलांकडे बघत म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही.

तुमच्या लेकराच्या डोक्यावर कुणी ओझं ठेवायला सांगितलं, तर आधी ते तुमच्या हातात मागा. हातात द्यायला जो कचरतो, त्याचा मंत्र तिथेच संपला.