मावशीच्या बिल्ल्याचा क्रेट

टोमॅटोच्या झाडाचा डाग हिरवा नसतो. खुडताना बोटांवर तो काळा बसतो आणि साबण लागला की पाणी पिवळं होतं. काचघराबाहेरच्या हौदाशी बायका हात चोळत होत्या. ते पिवळं पाणी जाळीतून खाली जाताना वहिनी बघत होती.

सगळ्या तिला वहिनीच म्हणत, कारण मुकादम तिचा सख्खा दीर. त्यानेच या बायकांना परक्या देशात खुडणीला आणलं होतं. पासपोर्ट त्याच्याच पेटीत असत. मजुरी क्रेटवर मिळे. जिच्या नंबराचा बिल्ला क्रेटला, तिचा तो क्रेट.

भर उन्हाळ्यात त्यांच्यातलीच एक, मावशी, काचेखाली चक्कर येऊन पडली. "इस्पितळात ठेवलंय, भेटू देत नाहीत. खर्च मात्र डोळे पांढरे करणारा," असं दिराने सांगितलं. तोडगा वहिनीनेच काढला. रोज प्रत्येकीने आपल्या एका क्रेटला मावशीचा बिल्ला लावायचा. थंडी पडली तरी बिल्ले लागतच होते.

लांबलचक रजेवरून परतलेला ड्रायव्हर हौदाशी येऊन टेकला. "काय बायांनो, निम्म्या झिजलात की."

"तुझं बरंय, घरचं खाऊन गोल झालास," ठेंगणी म्हणाली. "जाता जाता इस्पितळात मावशीला तरी बघून यायचंस."

"कुठलं इस्पितळ? मीच तिला विमानतळावर सोडलं. पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. निदान केलेल्या कामाचे तरी द्या म्हणून रडत होती बिचारी."

नळ वाहत राहिला. कुणीच बंद केला नाही.

"मग आपण इतके दिवस कुणासाठी खुडत होतो?" ठेंगणीने विचारलं. त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वहिनीकडे बघत होत्या. वहिनी तडक शेडकडे निघाली.

दीर प्रतवारीच्या शेडमध्ये चहा पीत होता. तो दचकलासुद्धा नाही.

"वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? आजारी बाई मालक ठेवत नाही. ती गेली, बिल्ला राहिला."

"माझ्या तोंडून मागितलंस तू त्यांच्याकडे."

"आणि दादाच्या ऑपरेशनला पैसे कुठून आले? आभाळातून पडले?"

ती कपाच्या कानाकडे बघत राहिली. नवरा आता जिने चढू लागला होता. परवाच फोनवर कौतुकाने म्हणाला होता, भाऊ असावा तर असा.

तेवढ्यात कामगार कार्यालयातली बाई आली. ती यांच्याच भाषेत बोलायची. याआधीही ती येऊन गेली होती. ओव्हरटाइमचं विचारायची, पासपोर्टचं विचारायची. दरवेळी वहिनी पुढे होऊन म्हणायची, सगळं ठीक आहे. पुढच्या खेपेला बघू, असं मनाशी ठरवून कामाला लागायची.

दिराने लगबगीने खुर्ची पुसली. "या, बसा. आमच्या वहिनींनाच विचारा. त्या सगळ्यांत थोरल्या."

बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी आत येईना, कुणी जाईना.

"काही तक्रार?" बाईने नेहमीच्या सुरात विचारलं.

"आहे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझ्या दिराविरुद्ध. आणि त्यातला पैसा माझ्या घरात आलाय, तेही लिहा."