थंडीतलं ऑइल

जयसिंगचा फोन आला तेव्हा ज्ञानदेव दौंडच्या घराच्या गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसला होता. जानेवारीचा दुसरा आठवडा, पारा आठावर उतरलेला. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर होऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. वडगाव रासाईच्या त्या घराशी बोलणं झाल्याला मात्र त्याहून कितीतरी जास्त.

जयसिंग म्हणाला, आमच्या वडलांची डुक्कर फियाट पुण्यातून रंगवून आणलीय, अठ्ठावन्न सालची. दुपारच्याला एका झटक्यात लागते, सकाळी मात्र स्टार्टर नुसता कण्हतो. येत्या सोमवारी आईला माहेरी, इनामगावला, सकाळच्या पूजेला न्यायचंय आणि ती म्हणते त्याच गाडीतून जाणार. पातळ सिंथेटिक ऑइल टाक असं कुणी तरी सांगितलं म्हणून डबाही आणून ठेवलाय. पण ते ओतायच्या आधी आई म्हणाली, ज्ञानदेवला विचार. ती गाडी त्याला कळते.

ज्ञानदेवनं एकच विचारलं.

"इंजिन खोललं हुतं का?"

"न्हाई मामा. निस्ता रंग आन् शिटा."

"मग डबा उघडू नका. मी येतो."

हौसरावाची, म्हणजे जयसिंगच्या वडलांची, ती गाडी त्यानं सात वर्षं चालवली होती, एसटीत लागायच्या आधी. हौसराव जाऊनही आता बारा वर्षं होऊन गेली होती.

संध्याकाळी त्यानं हे मुलीला सांगितलं. करुणा कुरकुंभच्या कारखान्यात लॅबमध्ये होती, घट्ट-पातळ मोजणं हे तिचं रोजचं काम. वडील गाडीबद्दल आपणहून काही बोलताहेत याचंच तिला नवल वाटलं. ती बाजारातून तीन ऑइलं घेऊन आली. एक पन्नास नंबरचं घट्ट, एक जयसिंगनं आणलं तसलं पातळ आणि एक वीस-पन्नास. तिन्ही थोडी थोडी काचेच्या बाटल्यांत भरून तिनं फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली. सकाळी चहाच्या आधी बापलेकीनं त्या ओट्यावर मांडल्या आणि एकेक तिरकी केली. पन्नास नंबरवालं काकवीसारखं सावकाश सरकलं. पातळवालं पाण्यासारखं धावलं. वीस-पन्नास मधल्या चालीनं आलं.

"हे थंडीत वीससारखं वागतं आन् तापलं की पन्नाससारखं," करुणा म्हणाली. "तुमच्या वेळी हे नव्हतं, आबा. म्हणून तुम्हाला ऋतू बघून ऑइल बदलावं लागायचं."

"थंडीत तीस, उन्हाळ्यात चाळीस. गाडीच्या पुस्तकातच लिव्हलेलं हुतं," ज्ञानदेव म्हणाला. त्यानं पातळ ऑइलची बाटली उजेडात धरली. नव्या गाड्यांना हे चांगलंच. पण म्हाताऱ्या इंजिनात पार्टापार्टांमधल्या फटी झिजून मोठ्या झालेल्या असतात. तापल्यावर हे तिथं ठरणार नाही, प्रेशर पडेल. शिवाय आत इतक्या वर्षांचा गाळ असणार. नवं ऑइल तो धुऊन काढायला जाईल आणि सुटलेला गाळ जाऊन बसेल नेमका ऑइलच्या वाटेत. आधी इंजिनाखालची ऑइलची टाकी उतरवून साफ करायची, मग वीस-पन्नास भरायचं, असं दोघांचं ठरलं.

रविवारी तो एसटीनं वडगाव रासाईला गेला. जयसिंग पायऱ्या उतरून खाली आला, वाकून नमस्कार केला. सोळा वर्षांचा पोरगा पाहिलेला, आता अठ्ठावन्न वर्षांचा टक्कल पडलेला माणूस. दोघांनी मिळून गाडीखाली पोतं अंथरलं. जुनं ऑइल काढलं तर ते पन्नास नंबरचं घट्ट निघालं. ते कुणी भरलं होतं हे जयसिंगलाही ठाऊक नव्हतं. जुनी गाडी धूर काढते म्हणून कुणी तरी ओतलं असणार. टाकी उतरवली तर तळाशी बोटभर काळा गाळ, लोण्यासारखा. तो खरवडता खरवडता जयसिंगचे हात कोपरापर्यंत माखले. ज्ञानदेवनं टाकी रॉकेलनं धुतली, नवं कॉर्कचं पॅकिंग बसवलं, वीस-पन्नास भरलं. जेवायला थांबा म्हणून जयसिंगनं फार आग्रह केला. ज्ञानदेव चहा पिऊन निघाला.

परतीच्या एसटीत त्याला त्र्याऐंशीचा जानेवारी आठवला. आठवला म्हणण्यात अर्थ नाही, तो कधी गेलाच नव्हता. त्याच्या बायकोला, आक्काबाईला, पहाटे कळा सुरू झाल्या होत्या. पहिलं बाळंतपण, मूल आडवं. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं हे काम नाही, न्हावऱ्याच्या दवाखान्यात न्या. ज्ञानदेव पळत हौसरावाच्या दारात गेला. हौसराव घोंगडी पांघरून ओसरीवर आला आणि सगळं ऐकून म्हणाला, असल्या थंडीत इंजिन लागत नसतं. ऑइल गोठलेलं असतं, ओढाताण केली तर बेरिंग जाईल. तू ड्रायव्हर हायेस, तुला हे कळाय पायजे.

ज्ञानदेवला कळत होतं. आठच दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं थंडीचं ऑइल भरलं होतं. आदल्या दिवशी त्याच वेळेला त्यानं हौसरावाला कारखान्याच्या मीटिंगला नेलं होतं, आणि चोक ओढल्याबरोबर गाडी लागली होती. पण तो हे बोलला नाही. अडचण ऑइलची नव्हती, मालकाच्या शिटावर ड्रायव्हरची अडलेली बायको बसणार होती याची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बैलगाडी न्हावऱ्याला पोचेपर्यंत ऊन वर आलं. आक्काबाई वाचली. मुलगा वाचला नाही. त्यानंतर नऊ महिने ज्ञानदेवनं तीच गाडी पुसली, तीच चालवली, कारण घरात दुसरी कमाई नव्हती. एसटीचं पत्र आलं त्या दिवशी किल्ली ओसरीवर ठेवून तो निघून आला.

सोमवारी पहिल्या गाडीनं तो पुन्हा वडगावला पोचला. नदीवरून धुकं उसाच्या फडात शिरलं होतं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्यानं चोक ओढला, स्टार्टर फिरवला. पहिल्यांदा इंजिन नुसतं फिरलं, दुसऱ्यांदा लागलं. ऑइलचा लाल दिवा क्षणभर राहून विझला. ज्ञानदेव खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून आवाज ऐकत उभा राहिला. जयसिंग खूश होऊन कपडे बदलायला आत गेला.

साखरबाई काठी टेकत आली आणि मागच्या शिटावर, दार उघडंच ठेवून, बसली. शहाऐंशी वर्षांची, शालीत अगदी एवढीशी दिसत होती. थोडा वेळ तीही इंजिनाचा आवाज ऐकत राहिली.

"ज्ञानदेव," ती म्हणाली, "त्या सकाळीबी गाडी लागली असती. व्हय ना?"

त्यानं बॉनेटवरचा हात काढला. हा प्रश्न कुणी तरी विचारेल म्हणून त्यानं बेचाळीस वर्षांत किती तरी उत्तरं जुळवून ठेवली होती. हायवेवर, रिकाम्या एसटीत, एकट्यानं म्हणून पाहिली होती.

"व्हय," तो म्हणाला.

"मी आत चुलीपाशी हुते. समदं ऐकलं. तोंड उघडलं न्हाई."

"त्येनी तुमचं ऐकलं असतं?"

"न्हाई. पर मी बोलाया पायजे हुतं."

तिनं माफी मागितली नाही, आणि ते त्याला बरं वाटलं. मागितली असती तर काही तरी द्यावं लागलं असतं, आणि त्याच्याजवळ तसलं द्यायला काही नव्हतं. जे घडलं ते तसंच घडलं, एवढं या घरातलं कुणी तरी म्हणालं होतं. राग गेला असं त्याला वाटलं नाही. पण इतकी वर्षं तो राग एकट्याचाच होता, आता तो कुणाला तरी ठाऊक होता.

"तूच चालव की इनामगावपतोर," साखरबाई म्हणाली.

"न्हाई वयनी. जयसिंगला चालवू द्या."

जयसिंग आला तेव्हा त्यानं त्याला नीट समजावून सांगितलं. पहिले दोन मैल दाबायची नाही, चोक हळूहळू आत सारायचा, लाल दिव्यावर डोळा ठेवायचा. उन्हाळ्यातही हेच ऑइल चालेल. गाडी धुक्यात शिरून दिसेनाशी झाली तेव्हा तो फाट्याकडे चालू लागला.

संध्याकाळी करुणा कामावरून आली आणि चपला काढता काढताच तिनं विचारलं, गाडी लागली का. ज्ञानदेव म्हणाला, लागली, दुसऱ्याच झटक्याला. मग त्यानं तिला समोर बसवलं. तिच्या आधी एक भाऊ होता एवढंच तिला माहीत होतं. गाडीचं, घोंगडीचं, थंडीचं काहीच नव्हतं. आक्काबाईनंही मरेपर्यंत ते सांगितलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. स्वतः गप्प राहिल्याचंही नाही.

बाहेर स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा झाला.

"त्याचं नाव काय ठेवलं होतं, आबा?"

"तुझ्या आईनं मनात ठरवलं हुतं काय तरी," ज्ञानदेव म्हणाला. "मी कवा इचारलं न्हाई. इचारायला पायजे हुतं."