शब्द व चाल

"पद किसने लिखा, गद्रेसाब?" सफारीतल्या माणसानं चहात बिस्किट बुडवत विचारलं. त्याच्या पुढ्यात मीच टाइप केलेला कागद होता.

तो कागद ठाण्यात नेऊन दिलाही मीच होता. गणेशोत्सवाच्या लाउडस्पीकरसाठी एक साधा अर्ज पुरला असता. पण मी केंद्र सरकारचा अप्पर डिव्हिजन क्लार्क, आणि करोल बागेतल्या आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. मेळ्यातली सगळी पदं टाइप करून, वर 'माहितीसाठी सादर' असं लिहून मी अर्जाला जोडली. कुणी मागितली नव्हती. आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. कागद पूर्ण असला की माणूस सुरक्षित, अशी माझी समजूत. गणपती उठून आठ दिवस होतात न होतात तोच कुणीतरी मराठी जाणणाऱ्यानं हे पद पोलिसांना वाचून दाखवलं.

मुक्यांची भरली सभा, बहिरा बसला मधोमध;
टाळ्या वाजवा जोरात, हात मात्र ठेवा बंद.

लिहिलं होतं माझ्या लतिकानं, चालही तिचीच. चोवीस वर्षांची पोर. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ तिला हात जोडून म्हणाले होते, "बेटा, दुसरं काहीतरी म्हण." गेलं वर्षभर जिथं गायला जाईल तिथं हेच, आधी शब्द दाखवा. शेवटी उन्हाळ्यातच तिनं जर्मनीतल्या एका संगीतशाळेला पत्र धाडलं. उद्या दुपारी पालमवरून तिचं विमान होतं.

"तिथं गाणं आधी कुणाला दाखवावं लागत नाही, बाबा," ती म्हणाली होती.

"मग चुका कोण काढणार?" मी विचारलं होतं. ती हसली, त्याचा मला राग आला होता.

"टाइप में नाम नहीं है," माणूस म्हणाला. "ओरिजिनल फाइल में होगा. आप जैसे आदमी के पास फाइल होती है."

होती ना. प्रत्येक पदाखाली लिहिणाऱ्याची सही घ्यायची, हा नियमही माझाच.

आतल्या खोलीत लतिका पेटीवर रियाज करत होती. वासंती, माझी बायको, तिच्या बॅगेत ठेवायच्या लोणच्याच्या बरणीला फडकं गुंडाळत होती.

"कोण आलंय हो?"

"ऑफिसचं काम आहे."

ट्रंकेतून फाइल काढली. 'शब्द व चाल : कु. लतिका श्रीरंग गद्रे', खाली तिची ऐटबाज सही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता. ते पान काढून गादीखाली सारलं. कोऱ्या कागदावर पद उतरवलं, खाली माझं नाव घातलं, महिन्यापूर्वीची तारीख टाकली. अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार आलं.

माणसानं सहीवरून बोट फिरवलं. बोटाला शाई लागली. ती त्यानं सावकाश रुमालाला पुसली.

"धुन भी आपकी?"

"बिल्कुल."

"तो सुनाइए."

मला घरात आरतीसुद्धा कुणी मोठ्यानं म्हणू देत नाही. पण गायलो. खुर्चीत ताठ बसून, मांडीवर ताल धरून, दोन्ही ओळी. पहिल्याच ओळीला आत पेटी थांबली. माणूस डोळे मिटून ऐकत होता. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती. आपण पकडले जाऊ याची नव्हे. ती पडद्याबाहेर येईल याची.

पडदा हलला. वासंतीनं तिला धरून ठेवलं असावं.

"अच्छा," माणूस उठला. "बेटी कल जा रही है न?" हे त्याला आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. "आप परसों आइए, दस बजे. घर में कहके आइएगा."

दुसऱ्या दिवशी पालमला लतिका माझा हात सोडेना. "मी जात नाही, बाबा. मी सांगते त्यांना."

"आयुष्यात एक खोटा कागद केलाय. तो फुकट घालवू नकोस."

ती गेली, आणि दारावरच्या शिपायापर्यंत पोचून परत आली. "दुसऱ्या ओळीत 'हात'वर चढायचं असतं. तुम्ही उतरलात."

"राहू दे. आता तसंच रेकॉर्डवर गेलंय."

तरी तिनं माझ्या कानाशी ती ओळ एकदा गुणगुणून दाखवली. मी मान डोलावली. मग ती मागे न बघता आत गेली.

संध्याकाळी घरी येऊन रजेचा अर्ज लिहायला घेतला, खाली कार्बन लावून. 'पासून'च्या आधी उद्याची तारीख घातली. 'पर्यंत'च्या आधी पेन थांबलं. वासंती शेजारी उभी होती. ती जागा मी कोरी ठेवली. असा अर्ज मी आजवर कुणाचाही पुढे जाऊ दिला नव्हता.