मेलानियाची पाखरं

सुनिल्दानं कुंपणाची सैल फळी बाजूला सारली आणि रिकामी बरणी पोटाशी धरून मेलानियाच्या परसात पाऊल टाकलं. आलुबुखाराच्या झाडावरून भांडण झालं तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मेलानिया शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली, पण ‘बस’ म्हणाली नाही.

“थोडी पाखरं हवी होती,” सुनिल्दा म्हणाली. “एर्नाल्दोसाठी.”

दुधात टाकली की रातोरात दही लावणारे ते पांढरे, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे दाणे. सगळं लिनारेस गाव त्यांना पाखरंच म्हणायचं. ती विकत मिळत नाहीत. कुणी दिली तरच घरात येतात, आणि वाढली की आपण पुढं द्यायची. मेलानियाची पाखरं गावात सगळ्यांत जुनी. पण नवरा ओस्वाल्दो गेल्यापासून बाईनं कुणाला चमचाभर दिली असतील तर शपथ. कवडीचुंबक, दुसरं काय.

“काय झालंय तुझ्या नवऱ्याला?”

“जठरात जंतू निघालाय. त्याचा भाऊ कर्करोगानं गेलेला, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हयगय नको. पण गोळ्यांनी जुलाब लागलेत ते थांबत नाहीत, तोंड कडू जहर. आज म्हणाला, यापुढं एकही गोळी घेणार नाही. जोडीला असलं दही दिलं तर निभेल म्हणतात.”

“मी नाही देणार.”

सुनिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“एका झाडापायी माणूस मारशील, मेलानिया? घाल ते झाड चुलीत. तुझंच म्हण.”

“झाडाचं काय घेऊन बसलीस?” मेलानियानं हातातली शेंग खाली ठेवली. “ओस्वाल्दोला हाच जंतू होता. त्यालाही गोळ्या सोसेनात. मी पाखरांचं दही दिलं. पोट निवलं, भूक लागली. मग म्हणाला, पाखरांनीच बरं केलं, आता गोळ्या कशाला? उलट त्या बिचाऱ्या पाखरांना मारतील. सगळ्या फेकून दिल्या. मी हसले गं. जंतू आतच राहिला. पुढचं तू पाहिलंयस. गोळ्यांचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.”

दह्यानं गुण आला तर गोळ्या बंद करू, असं घरून निघताना सुनिल्दानंही मनात ठरवलं होतं. ती मेलानियाच्या शेजारी जमिनीवरच बसली.

“उद्यापासून त्याला इकडं धाड,” मेलानिया म्हणाली. “बरणी नाही देणार. दही इथंच मिळेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्नाल्दो कुरकुरत मेलानियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तिनं पाण्याचा पेला पुढं सरकवला.

“आधी गोळी. दही मागाहून, तासा-दोन तासांनी.”

त्यानं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला.

“जीभ उचल.”

“मी काय लहान पोर आहे का, बाई?”

“ओस्वाल्दोही असंच म्हणायचा.”

एर्नाल्दोनं आ वासला आणि जीभ उचलली.