प्रोफेसरच्या टकलावरचा मळ

“निघाला गं बाई, निघाला!” झेनाबू किंचाळली, आणि शिआच्या बियांचं लोणी घुसळायला बसलेल्या आम्ही सगळ्या जणी घमेली टाकून पळालो.

आमच्या तामाले शहराच्या बाजाराकडेला प्रोफेसर ब्राइट टेम्पोवर उभा होता. पांढरा कोट, चकचकीत टक्कल, हातात कर्णा. झेनाबूच्या गालावर त्याने मलम चोळलं होतं आणि गालावरून राखाडी वळकट्या गळत होत्या.

“हा मळ नाही, भगिनींनो! ही लोकांची वाईट नजर! चाळीस वर्षं कातडीत मुरलेली!”

झेनाबू बत्तीस वर्षांची. पण हिशेब करतंय कोण?

“मी सात वर्षं लावतोय. माझ्या अंगात नजरेचा कण उरलेला नाही. सात डब्या, प्रत्येकीत वेगळं मलम, दिवसातून सात वेळा!”

गर्दीत सर्वांत पुढे माझी भाची वुनपिनी. शनिवारी तिचं लग्न. तोंडावर ओढणी गच्च, कारण दुसऱ्या डबीने गाल भाजल्यासारखे झाले होते. आता पोरगी तिसरी डबी घ्यायला आलेली!

“जळजळतंय फार, प्रोफेसर,” ती कुजबुजली.

“जळतेय ती नजर! मध्येच थांबलीस तर लग्नात चेहरा काळाठिक्कर!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मल्या दिवसापासून हिला मी शिआचं लोणी चोळलं. आमच्या सात पिढ्या त्या लोण्यावर जगल्या. या टिकोजीने ते गावंढळ ठरवलं, तर आमच्याच बायकांनी ते लावायचं सोडलं! लोणी विकायचं जगाला आणि तोंडाला फासायचं याचं मलम.

“डबी खाली ठेव,” मी वुनपिनीला म्हटलं.

“मावशी, तुमच्या हातात तर नजरेचं पोतं आहे!” म्हणत प्रोफेसरने माझा हात धरून मलम चोळलं. वळकट्या पडल्या. गर्दी हळहळली.

“अरे शहाण्या, हे हात मी आत्ता कोपरापर्यंत तीनदा साबणाने घासलेत. त्याशिवाय आमच्यात कुणी घमेल्याला शिवत नाही. यातून एवढी घाण निघते, तर कालवणात आमचंच लोणी घालणारं अख्खं तामाले रोज काय खातंय?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी चहावालीकडून नुकतं धुतलेलं ताट घेतलं, त्यावर मलम चोळलं. तशाच वळकट्या.

“ताटालाही नजर लागते!” प्रोफेसर तत्परतेने म्हणाला. आणि काय सांगू, चार बायकांनी माना डोलावल्या!

“बरं. तुझ्यात तर कण नाही ना?” मी टेम्पोवर चढले आणि बोटभर मलम त्याच्या टकलावर खसाखसा चोळलं. कोटाच्या खांद्यावर राखाडी सडा पडला.

आधी झेनाबू हसली. मग बाजार हसला.

दवाखान्यातली नर्स रहिनातू पुढे आली. “मलमात चीक असतो. कशावरही चोळा, त्याच्याच गोळ्या होतात. ही जादू निदान निरुपद्रवी. पण दुसरी डबी? वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही. असल्या डब्यांत कधी पारा निघतो, कधी कातडी सोलणारं औषध. आजच बंद कर, वुनपिनी, आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चल.”

“मग रोज लावू काय?”

“सकाळ-संध्याकाळ साध्या साबणाने हलकं धुवायचं. अंग ओलसर असताना थोडं लोणी. उन्हात डोक्यावर ओढणी. जे जळजळेल ते फेकायचं. संपलं.”

“एवढंच?” वुनपिनी रडवेली झाली. “आणि शनिवारी मी अशी बसू?”

“बस,” मी म्हटलं. “तुला बघायला येणार आहेत, डबीला नाही.”

तोवर टेम्पो पसार झाला होता.

शनिवारी वुनपिनी ओढणी न ओढता बसली. गालाची सालं निघत होती. नवऱ्याने वाकून विचारलं, “गालाला काय झालं?”

“अक्कल येत होती,” ती म्हणाली. “येताना जरा भाजली.”

तो इतका हसला की मौलवींनी दटावलं.

बायांनो, चमत्कार कुणीही विको, कोट घालून विको की कर्णा घेऊन, आधी एकच करा: धुतलेल्या ताटावर चोळून बघा. आणि ताट हाताशी नसेल, तर विकणाऱ्याच्या टकलावर.