पोट आत!

भिंतीवरचा तो कागद वाचता वाचताच बोगदानाबाईंच्या कपाळाला आठी पडली. वर "नव्याने येणाऱ्यांसाठी" असं लिहिलं होतं आणि खाली गोलगोल, पोरकट अक्षरात सूचना. घाई करू नका. श्वास रोखू नका, आवाज झाला तरी चालेल. अंग थरथरलं तर घाबरू नका, स्नायू कामाला लागल्याची ती खूण आहे. दुखलं तर थांबा आणि सांगा. शेजारणीकडे बघू नका. आणि सगळ्यात शेवटी, जरा मोठ्या अक्षरात: इथून कुणाला घरी पाठवलं जात नाही.

"म्हणजे धर्मशाळाच की," बाई स्वतःशीच म्हणाल्या, पण चार जणांना ऐकू जाईल अशा बेताने.

एकतीस वर्षं त्यांनी बल्गेरियातल्या रूसे गावच्या क्रीडागृहात मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवलं होतं, रिबन, चेंडू आणि रिंग घेऊन करतात ते. पाच मुली त्यांनी सोफियाला राष्ट्रीय संघात पाठवल्या होत्या. काही शे मुली घरी पाठवल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना अभिमान त्याचाच जास्त होता. पाचांना निवडणं कुणालाही जमतं, बाकीच्यांना तोंडावर "तू जा" म्हणायला छाती लागते, असं त्यांचं म्हणणं. अशा बाईवर एकाहत्तराव्या वर्षी बेकरी बंद पडलेल्या गाळ्यात चटईवर लोळायची पाळी आली होती.

त्याला कारण जानेवारीतली ती मिरच्यांची बरणी. वरच्या फळीवरून भाजलेल्या मिरच्या काढायला बाई स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या थेट फरशीवर. हाड मोडलं नाही. पण उठताच येईना. गुडघे वळेनात, हातात जोर राहिला नाही, आणि दोन तास चाळीस मिनिटं त्या स्वयंपाकघरात पडून होत्या. शेवटी हाताला लागलेल्या पळीने त्यांनी रेडिएटरची नळी बडवायला सुरुवात केली. त्या इमारतीत ती नळी पाचव्या मजल्यापासून तळघरापर्यंत एकच, त्यामुळे खालच्या मजल्यावरची पेतकाना किल्ली घेऊन धावत आली. आली ती आलीच, वर जर्मनीत स्टुटगार्टला त्यांच्या मुलाला, प्लामेनला, फोनही करून मोकळी झाली.

"आई, एक मार्चला मी येतोय," प्लामेन म्हणाला. "माझ्यासमोर स्वयंपाकघरात फरशीवर बसायचं आणि कशालाही न धरता उठायचं. उठलीस तर खुशाल एकटी राहा. नाही उठलीस तर माझ्याबरोबर चल. तुझी खोली तयार आहे."

"गॅरेजला लागून असलेली."

"खिडकी आहे तिला!"

"खिडकीतून काय दिसतं? मोटार. ये एक मार्चला," असं म्हणून बाईंनी फोन आपटला. मग दाराला कडी लावून त्या गालिच्यावर बसल्या. उठायला गेल्या. अर्ध्या तासाने सरपटत सोफ्यापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टर नातवाच्या वयाचा होता. "आजी, पिलाटेस करा, चटईवरचे व्यायाम असतात ते," म्हणाला. बाईंच्या मते पिलाटेस म्हणजे जिम्नॅस्टिक्सची भांडी घासल्यावर उरलेलं पाणी. पण दुसरा उपाय दिसत नव्हता, म्हणून दहा तासांसाठी नाव घातलं आणि त्या कागदासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई? तुम्ही?"

मागे पस्तीस-चाळिशीची, रुंद खांद्यांची एक बाई उभी होती, अनवाणी. बोगदानाबाईंना चेहरा आठवेना, पण ती श्वास घेत होती तो त्यांना ओळखू आला. कामेलिया! चार वर्षं त्यांच्याकडे होती ही. चेंडूवर हात बरा होता, पण उडी मारली की अशा धापा टाकायची की पंचांच्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. अकराव्या वर्षी बाईंनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "म्हशीसारखी फुसफुसतेस. घरी जा." ती गेली. ती पुन्हा भेटायची ती इथे, शिक्षिका म्हणून! ज्यांना धड उभं राहता आलं नाही त्या आता लोकांना झोपायला शिकवतात, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना बरं वाटलं.

वर्गात काय नग होते म्हणून सांगू! कर कार्यालयातली एक कारकून होती, सावका नावाची, सतत माफी मागितल्यासारखा चेहरा. पाठीला पोक आलेला दातांचा डॉक्टर होता. आणि तीन तरुण आया होत्या, ज्यांना दोन उशा लागत. बाईंनी प्रत्येकाला मनातल्या मनात घरी पाठवलं आणि मग आपल्या चटईवर आडव्या झाल्या.

"गुडघे वर, पावलं जमिनीवर," कामेलिया म्हणाली. "नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुगू द्या. आता तोंडाने सोडा. पोट आपोआप आत जाईल, तुम्ही ओढू नका."

बाईंनी पोट ओढलं. पन्नास वर्षांची सवय. फळीसारखं सपाट पोट, हनुवटी वर, श्वास बंद. कामेलियाने त्यांच्या बरगडीवर तळवा ठेवला.

"बाई, इथे हवा येत नाहीये."

"येत नाहीये कारण मी येऊ देत नाहीये."

दातांचा डॉक्टर हसला. कामेलिया हसली नाही. "मग उठताना जोर कुठून आणणार?" एवढंच विचारून ती पुढे गेली.

उठण्याचा धडा तिने पहिल्याच दिवशी दिला. आधी कुशीवर वळा. खालच्या कोपरावर भार द्या, मग हातागुडघ्यांवर या. एक पाऊल पुढे टेका. श्वास सोडा, आणि श्वास सुटत असतानाच वर या. सावका थरथरत, हुश्श करत उठली. बाईंना हे ऐकवेना. माणूस आहे की प्रेशर कुकर! त्यांनी पाऊल टेकलं, दात आवळले, श्वास कोंडला आणि झटक्यात वर यायला गेल्या. अर्ध्यावर अडकल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

"हळू," कामेलिया म्हणाली.

"मी मुलींना पाय मानेमागे न्यायला शिकवलंय!"

"हो. आणि आज तुम्हाला फरशीवरून उठायचंय."

असा पाणउतारा कुणी केला नव्हता त्यांचा. तरी बाई येत राहिल्या, कारण कॅलेंडरावर एक मार्च होता. पण प्रत्येक तासाला त्यांना वाटे की ही पोर आपल्याला मुद्दाम हळू शिकवतेय. सहाव्या तासाला त्यांच्या शेजारी सावका एक पाय उचलून पडली होती आणि तो पाय लटपटत होता. बाईंना राहवेना.

"लटपटतेस काय अशी! पोट आत! तोंड बंद!"

क्रीडागृहात घुमायचा तोच आवाज. सावकाने पाय टाकला, तोंड खरोखरच बंद केलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई," कामेलिया शांतपणे म्हणाली, "इथे शिकवायला मी आहे."

"शिकवतेस? तू लोकांना गोंजारतेस. असल्या लाडाने कुणी कधी कशावरून उठलेलं नाही."

बाई कशाबशा खुर्चीला धरून उठल्या, बूट घातले आणि निघाल्या. दारात जरा थांबल्या. कुणीतरी "जा" म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. कुणी म्हणालं नाही, त्याचाही त्यांना राग आला.

पुढचे दोन आठवडे त्यांनी घरी स्वतःच्या पद्धतीने सराव केला. म्हणजे स्वतःला शिव्या घातल्या, श्वास कोंडला आणि सोफ्याला धरून उठल्या. सोफा सोडून एकदाही नाही.

एक मार्चला प्लामेन आला तेव्हा पेतकाना वरच बसली होती. त्या दिवशी सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात, तसा तिने बाईंना बांधला होता. पूर्वी बाईंचा हात मुलींच्या दोऱ्यांनी कोपरापर्यंत भरायचा. आता एकच होता. पोराने आईच्या गालाचा मुका घेतला, आणलेली मिठाई टेबलावर ठेवली, आणि कोट न काढता खुर्च्या भिंतीशी सरकवल्या.

"आधी जेवून घ्या की," पेतकाना म्हणाली. "भरल्या पोटी काय परीक्षा देता येत नाही?"

"आधी हे," बाई म्हणाल्या आणि पोराचा हात धरून फरशीवर बसल्या.

पहिल्या वेळी त्यांनी केलं ते नेहमीचंच. दात, हनुवटी, पोट. तोंड लालबुंद झालं, मांडी अर्ध्यावर आली आणि त्या धप्पकन खाली बसल्या. प्लामेन लगेच वाकला. त्याने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "राहू दे, आई. काही बिघडलं नाही."

काही बिघडलं नाही! तो स्वर बाईंच्या काळजात गेला. त्यांनी मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे राग असता तर त्या भांडल्या असत्या. तिथे निव्वळ कीव होती, आणि कीव आली की वाद घालायलाही कुणी उरत नाही हे त्यांना कळलं. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर ती कधी येऊ दिली नव्हती.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

मग त्या आडव्या झाल्या. सरळ, फरशीवर, नव्या झग्यानिशी. पेतकानाने तोंडाला हात लावला. बाई कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. हातागुडघ्यांवर आल्या आणि तिथेच थांबल्या, बरगड्या फुगू दिल्या. पाऊल पुढे टेकलं. आणि मग त्यांनी श्वास सोडला, चांगला मोठ्याने, ओबडधोबड, फुसफुसत. पाय लटालटा कापत होते. श्वास संपत आला तेव्हा त्या उभ्या होत्या आणि हात कशालाही लागलेला नव्हता.

"असा आवाज का काढलास?" प्लामेन घाबरून म्हणाला.

"असाच काढतात. तुला काय कळतंय त्यातलं! कोट काढ आणि जेवायला बस."

दुसऱ्या दिवशी बाई गाळ्यात गेल्या त्या मिरवायलाच. तास सुरू व्हायचा होता. कामेलियाच्या हातावर कोपरापर्यंत लाल-पांढरे दोरे होते. ते दिसताच बाईंनी मान फिरवली आणि नजर भिंतीवरच्या कागदावर गेली. घाई करू नका. श्वास रोखू नका. थरथरलं तर. दुखलं तर थांबा. शेजारणीकडे बघू नका. या वेळी वाचताना त्यांना आतून दुसराच आवाज ऐकू यायला लागला, आणि तो चांगला ओळखीचा होता. लवकर! तोंड बंद! थरथरू नकोस! दुखतंय तर दुखू दे! ती इलिना बघ, बघ ती कशी करते!

"हे कुठून उतरवलंस?" त्यांनी विचारलं.

"वहीतून," कामेलिया म्हणाली. "तुम्हीच लिहायला लावायचात ना, रोज घरी गेल्यावर. बाई आज काय म्हणाल्या ते. तपासायचातही."

"मी असलं काही म्हटलेलं नाही."

"नाही. तुम्ही म्हटलेलं डाव्या पानावर आहे. उजवं पान कोरं असायचं. पाठीचं दुखणं घेऊन माझ्याकडे माणसं यायला लागली तेव्हा त्यांना काय सांगावं ते कळेना. मग ती वही काढली आणि एकेका ओळीच्या समोर उलटं लिहीत गेले." तिने खांदे उडवले. "सोपं होतं. काही शोधावं लागलं नाही."

बाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. तिच्यासमोरच्या डाव्या पानावर काय असेल हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्यासाठी लागणारा शब्द त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही वापरला नव्हता.

"मी काल उठले," त्या म्हणाल्या. "आवाज झाला."

"होतोच." कामेलियाने दिवा लावला. "तुमचे चार तास शिल्लक आहेत, बाई. चटई सावकाच्या शेजारी आहे."

बाईंनी बूट काढले. चटईवर आडव्या झाल्या. शेजारी सावका छताकडे बघत पडली होती, आणि बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही.

"श्वास सोडा," कामेलिया म्हणाली.

बोगदानाबाईंनी तो म्हशीसारखा सोडला, पंचांच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असा. गाळ्यात कुणीही मान वळवून बघितलं नाही.